अथेन्सचे पांच तास

प्रवासाचें वर्णन लिहिणारे पुष्कळ असतात; प्रवासाचा हिशेब लिहिणारे थोडे. आमच्या आयुष्याचीं ३४ वर्षें माध्यमिक शाळेंत संस्कृत व इतिहास शिकविण्यांत गेलीं. त्या व्यवसायानें द्रव्य फारसें दिलें नाहीं. परंतु एक विद्या मात्र हाडींमासीं खिळविली. ती म्हणजे, घंटा होण्यापूर्वीं काय पुरें होईल आणि काय होणार नाहीं याचा अंदाज. घंटा कोणासाठीं थांबत नाहीं. म्हणून शिक्षकास 'आज काय शिकवावें' याच्या आधीं 'आज काय सोडावें' हें ठरवावें लागतें. निवृत्तीनंतर ही विद्या जुन्या शालजोडीसारखी पेटींत पडून होती. गेल्या वर्षीं सप्टेंबरअखेर भूमध्य समुद्रांत एका आठवड्याचा जलप्रवास घडला, तेव्हां ती बाहेर काढण्याचा प्रसंग आला. हल्लीं आपल्यांतील पुष्कळ कुटुंबें मुलांच्या आग्रहानें असे प्रवास करूं लागलीं आहेत. त्यांच्या उपयोगीं पडेल तर पडो, या हेतूनें हा हिशेब वाचकांपुढें ठेवीत आहों.

पूर्वीं यात्रेकरू क्षेत्रीं पोहोंचला म्हणजे निदान तीन रात्रींचा मुक्काम करी. पाय सुजले तर आणखी एक दिवस राही. निघण्याची वेळ तो स्वतः ठरवी. जहाजाच्या प्रवासांत सारें उलट असतें. जहाज रात्रभर चालतें, सकाळीं एका बंदरास लागतें आणि संध्याकाळीं तेथून निघतें. छापील पत्रिकेंत त्या दिवसापुढें एखाद्या जगद्विख्यात नगरीचें नांव असतें आणि वाचणाऱ्याचें मन हरखून जातें. परंतु ती नगरी बंदरावर नसतेच. रोमच्या नांवापुढें जहाज लागतें तें चिविटावेक्किया येथें, आणि तेथून रोम सुमारें ८० किलोमीटर दूर. फ्लॉरेन्ससाठीं उतरावयाचें तें लिव्होर्नो येथें; तेथून फ्लॉरेन्स ९० किलोमीटरांच्या घरांत. सँटोरिनीस तर मोठीं जहाजें धक्क्याला लागतच नाहींत. समुद्रांत नांगर टाकून उतारूंना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात, आणि कड्यावरील गांव गांठण्यासाठीं पुन्हां दुसरी रांग धरावी लागते. आपल्या मुंबईस एका दिवसापुरता उतरणारा परदेशी पाहुणा घारापुरीचीं लेणीं पाहावयास निघतो, तेव्हां त्याला एक तास होडींत जातो हें ठाऊक नसतें, आणि तो दिवस सोमवारचा असला तर लेणीं बंद असतात हेंही बहुधा ठाऊक नसतें. नगरीचें नांव आणि प्रत्यक्ष नगरी यांच्यामधील अंतर पत्रिकेंत छापीत नाहींत. तें ज्याचें त्यानें मोजावयाचें असतें.

आमच्या प्रवासांत मोजण्याजोगा असा मोठा दिवस एकच होता, तो अथेन्सचा. जहाज पिरिअस बंदरास सकाळीं ७ वाजतां लागणार आणि संध्याकाळीं ५ वाजतां निघणार होतें. म्हणजे कागदावर १० तास. आम्ही सहा जणें होतों: आमचे वडील बंधु, ज्यांना घरांत सारे दादा म्हणतात, आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई आणि अकरा वर्षांची नात. प्रवासाचा खर्च चिरंजीवांचा, उत्साह नातीचा, आणि वेळेचें कोष्टक आंखण्याचें काम, जुन्या धंद्याचा मान राखून, आमच्याकडे आलें.

येथें दादांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. दादा आतां ७८ वर्षांचे आहेत. मुंबईस जाऊन वास्तुशास्त्र शिकावें अशी त्यांची तरुणपणीं फार इच्छा होती. परंतु वडील अकालीं गेले, मागें आई आणि आम्ही तीन लहान भावंडें. दादांनीं बांधकाम खात्यांत नोकरी धरली आणि ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झाले. रस्ते, मोऱ्या, शाळांच्या इमारती यांवर त्यांचा जन्म गेला. आमचें शिक्षण त्यांच्या पगारांतून झालें. त्यांच्या टेबलाच्या कांचेखालीं कोठल्याशा मासिकांतून कापलेलें एक चित्र होतें, तें आम्ही लहानपणापासून पाहात आलों: टेंकडीवर उभें असलेलें पडकें, पांढरें, खांबांचें देऊळ. तें अथेन्सचें पार्थेनॉन होय, हें शाळेंत शिकण्यापूर्वीं आम्हांस दादांनीं सांगितलें होतें. गेल्या कांहीं वर्षांत त्यांचे गुडघे फार दुखावले आहेत. सपाटीवर काठी घेऊन पावशे-दीडशे पावलें चालतात. चढ मात्र नाहीं.

प्रवासाच्या दीड महिना आधीं सांगलीच्या घरीं रात्रीं जेवणें झाल्यावर बैठक बसली. ज्यानें त्यानें अथेन्समध्यें काय पाहावयाचें तें सांगावें, असें चिरंजीवांनीं म्हटलें. नातीला संसदभवनापुढील घोळदार झग्याच्या शिपायांचें पहारा-बदलणें पाहावयाचें होतें. सूनबाईंना प्लाका नांवाच्या जुन्या वस्तीच्या गल्ल्या, चिरंजीवांना १८९६ सालीं जेथें अर्वाचीन ऑलिंपिक खेळ प्रथम झाले तें संगमरवरी क्रीडांगण आणि लिकाबेटस टेंकडी, आम्हांस सॉक्रेटिस ज्या चौकांत वाद घाली तो अगोरा, आणि आमच्या कुटुंबास ऑलिंपियन झ्यूसचें मंदिर. ॲक्रॉपोलिस व तेथील संग्रहालय तर सर्वांच्याच यादींत. याप्रमाणें आठ स्थळें झालीं. दादा कांहीं बोलले नाहींत. विचारलें तेव्हां सुपारी कातरतां कातरतां म्हणाले, "मी बोटीवरच बसेन. तुम्ही पाहून या. माझ्या पायांनीं तुमचा दिवस खावा, हें बरें नाहीं. फोटो दाखवा म्हणजे झालें."

त्यांच्या स्वरांत रुसवा नव्हता, आणि तेंच कठीण होतें. रुसलेल्या माणसाची समजूत काढतां येते. ज्यानें आयुष्यभर स्वतःचा वांटा दुसऱ्यांच्या पानांत वाढला, त्याची समजूत काय काढावी? कोणी कांहीं बोललें नाहीं. वडीलधाऱ्यांस जहाजावर ठेवून तरुणांनीं आठही स्थळें धांवत पाहावीं, हा मार्ग मोकळा होता आणि व्यवहाराच्या दृष्टीनें त्यांत गैर कांहीं नव्हतें. परंतु ज्या देवळाचें चित्र पन्नासांहून अधिक वर्षें कांचेखालीं ठेवलें, त्याच्यापासून १० किलोमीटरांवर येऊन दादांनीं जहाजाच्या कठड्याशीं बसावें, हें आमच्या मनास रुचेना. आम्हीं कोरा कागद घेतला.

दिवसाचा हिशेब सकाळपासून मांडावयाचा नाहीं. तो संध्याकाळपासून मागें मांडावयाचा. जहाज ५ वाजतां निघणार. परंतु सर्व उतारूंनीं साडेचारपर्यंत जहाजावर चढलेंच पाहिजे असा नियम. जहाज कंपनीच्या स्वतःच्या सहलीस गेलेल्यांस उशीर झाला तर जहाज बहुधा थांबतें. आपल्या जबाबदारीनें हिंडणाऱ्यांसाठीं थांबत नाहीं, आणि मागें राहिलेल्यास पुढचें बंदर स्वखर्चानें गांठावें लागतें. म्हणून साडेचारच्या मागें दीड तासाची राखीव शिल्लक धरली. म्हणजे ३ वाजतां धक्क्यावर. बंदराचा रस्ता मोकळा असला तर अर्ध्या तासाचा. गर्दीचा धरून एक तास. म्हणजे २ वाजतां अथेन्स सोडणें. आतां पुढच्या बाजूनें: जहाज ७ वाजतां लागलें तरी परवानगी मिळून, उतरण्याच्या शिडीवरची रांग सरून, धक्क्यावर पाय टेंकण्यास साडेसात-पावणेआठ होणार, वाहन मिळून टेंकडीच्या पायथ्याशीं पोहोंचण्यास साडेआठ, प्रवेशद्वारापाशीं ९. नऊपासून दोनपर्यंत पांच तास. कागदावरचे १० तास हे असे पांच झाले. उरलेले पांच कोणी चोरले नव्हते. ते आरंभापासून आपले नव्हतेच.

या पांच तासांत आठ स्थळें म्हणजे दर स्थळास, मधल्या वाटांसुद्धां, ३७ मिनिटें. चिरंजीव हिशेबी आहेत. भागाकार पाहून गप्प बसले. मग म्हणाले, "पण बाबा, एवढा खर्च करून एक टेंकडी नि एक संग्रहालय?"

आम्ही म्हटलें, "खर्च झाला तो झाला. तो आठ ठिकाणें पाहिल्यानें कमी होत नाहीं, आणि दोन पाहिल्यानें वाढत नाहीं. आतां शिल्लक काय असेल ती वेळेची."

तरीही पोरीचा पहारा-बदल आम्हांस खोडवेना. शोधतां असें आढळलें, कीं संग्रहालयाजवळच्या मेट्रोच्या स्थानकापासून संसदभवनाचा सिंटाग्मा चौक अवघें एक स्थानक दूर आहे, आणि पहारा दर तासाला बदलतो. तेव्हां इतर मंडळी संग्रहालयांत असतां चिरंजीव व नात यांनीं १ वाजतांचा पहारा पाहून परत यावें, असें ठरलें. अट एकच: कोठेंही उशीर झाला तर पहिली काट या तुकड्याला. प्रत्येक योजनेंत असा एक सुटा तुकडा ठेवावा, जो गळला तरी बाकीची योजना उसवत नाहीं.

नंतर दादांची व्यवस्था. चौकशीअंतीं कळलें, कीं ॲक्रॉपोलिसच्या उत्तर अंगास, चालण्याची अडचण असणाऱ्यांसाठीं, २०२० सालच्या डिसेंबरापासून नवी लिफ्ट सुरू झाली आहे, आणि वर माथ्यावर चाकांची खुर्ची नेतां येईल असे पक्के रस्ते केले आहेत. या रस्त्यांवर तिकडच्या विद्वानांनीं पुष्कळ टीका केली, प्राचीन खडकावर काँक्रीट ओतलें म्हणून. त्या वादांत आम्ही पडत नाहीं. परंतु त्या काँक्रीटनें आमच्या दादांस वर नेलें, एवढें नमूद करतों. वारा जोराचा असला तर लिफ्ट बंद ठेवतात, आणि येण्यापूर्वीं कळविलेलें बरें असतें. चिरंजीवांनीं फोनवर कळविलें, आणि घडीची एक खुर्ची विकत घेतली. कारण जहाजावरील खुर्च्या बहुधा जहाजापुरत्याच असतात.

तिकिटाची गोष्टही सांगून ठेवतों. सप्टेंबर २०२३ पासून ॲक्रॉपोलिसवर दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा घातली आहे आणि प्रवेश तासवार वांटून दिला आहे. तिकिटावर जो तास छापला असेल, त्याच्या थोडें आगेंमागेंच द्वार उघडतें. २०२५ च्या एप्रिलपासून तिकीट ३० युरोंचें झालें. हें तिकीट घरबसल्या मोबाइलवर घ्यावें. बंदरांत उतरून घेऊं म्हणणाऱ्यास हवा तो तास मिळेलच असें नाहीं. उन्हाळ्याची आणखी एक सूचना: २०२३, २०२४ व २०२५ या तिन्ही वर्षीं उष्म्याच्या लाटेंत सरकारनें भर दुपारीं हें स्थळ कांहीं तास बंद ठेविलें होतें. तेव्हां जून-जुलैंत जाणाऱ्यांनीं दुपारच्या भरंवशावर राहूं नये. आम्हीं ९ चा तास घेतला. आठचा तास मोहक होता. पण जहाजाची शिडी आपल्या हातीं नसते.

दिवस उजाडला. आदल्या रात्रीं जहाजावरील घड्याळें एक तास पुढें केलीं होतीं, कारण इटलीपेक्षां ग्रीसची वेळ एक तासानें पुढें आहे. ही क्षुल्लक दिसणारी बाब प्रत्येक बंदरीं तपासून घ्यावी. जहाजाचें घड्याळ आणि किनाऱ्याचें घड्याळ वेगवेगळें चालत असेल तर खिशांतला मोबाइल किनाऱ्याचें ऐकतो आणि जहाज आपलें ऐकतें. पिरिअसहून अथेन्सला जाणारी आगगाडी १८६९ पासून आहे, आणि आज तीच मेट्रोची एक शाखा झाली आहे. तरुणांस ती स्वस्त व चांगली. पण स्थानक जहाजांच्या धक्क्यापासून बरेंच दूर, आणि आमच्याबरोबर खुर्ची. म्हणून मोठी टॅक्सी आधींच ठरविली होती. पावणेनऊस आम्ही पश्चिमेच्या प्रवेशद्वारापाशीं होतों.

सूनबाई, आमचें कुटुंब, चिरंजीव व नात पायऱ्यांनीं वर गेलीं. दादांबरोबर आम्ही लिफ्टकडे वळलों. थोडा वेळ थांबावें लागलें. दादांनीं घड्याळाकडे पाहिलें व म्हणाले, "अरे, माझ्यामुळें वेळ जातो आहे."

आम्ही म्हटलें, "दादा, हा वेळ हिशेबांत धरलेला आहे. तुमच्या नांवावर तो आधींच जमा केला आहे."

ते हंसले. वेळेवरून आम्हांस 'होरा' शब्द आठवला. वराहमिहिरानें बृहज्जातकांत या शब्दाची एक व्युत्पत्ति नोंदली आहे: अहोरात्र या शब्दाचें पहिलें व शेवटचें अक्षर गळून होरा झाला. अर्वाचीन पंडित म्हणतात, हा शब्द मूळचा ग्रीक, आणि ज्योतिषाबरोबर यवनांकडून आपल्याकडे आला. दादांस हें सांगितलें तेव्हां ते म्हणाले, "तास मोजावयाचा शब्द ज्यांचा घेतला, त्यांच्या दारीं तासांचीच ओढाताण! बरें आहे." मग थोडें थांबून म्हणाले, "कार्ल्याच्या लेण्यांत स्वतःस यवन म्हणविणाऱ्यांनीं खांब दान केल्याचे लेख आहेत, नाहीं का? तूंच दाखविले होतेस. आज त्यांचे खांब पाहूं."

वर पोहोंचलों तेव्हां साडेनऊ झाले होते. पार्थेनॉनचें वर्णन करण्याचा आमचा अधिकार नाहीं. मोजदाद मात्र देतों. ख्रिस्तपूर्व ४४७ मध्यें बांधकामास आरंभ झाला, ४३२ पर्यंत शिल्पें पुरीं झालीं. इक्टिनस व कॅलिक्रेटिस हे स्थपति, फिडियस हा मूर्तिकार. बाहेरचे खांब दर्शनी बाजूस आठ आणि लांबीस सतरा. उंची दहा मीटरांवर. देवीचें मंदिर, मग चर्च, मग मशीद, अशीं तिन्ही रूपें त्यानें पाहिलीं. १६८७ च्या २६ सप्टेंबरला व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा आंत साठविलेल्या तुर्की दारूवर पडला आणि मधला भाग उडाला. त्याच्या आधीं दोन हजारांवर वर्षें ज्यानें काळाला दाद दिली नव्हती, तें एका दिवसांत पडकें झालें. १९७५ पासून तेथें जीर्णोद्धाराचें काम चाललें आहे. नवा दगड जुन्याशेजारीं मुद्दाम ओळखूं येईल असा बसवितात.

मंडळी भेटलीं. नातीनें चारी बाजूंस फिरून फोटो काढले. आम्हीं खुर्ची उत्तरेच्या लांब बाजूच्या कोपऱ्याशीं, वाटेच्या कडेस लावली, आणि दादा पाहूं लागले. पांच मिनिटें झालीं, दहा झालीं. माणसांचे घोळके येत, झेंडीवाला मार्गदर्शक दोन वाक्यें बोले, फोटो निघत, घोळका जाई. दादा हालले नाहींत. मग एकाएकीं म्हणाले, "अरे, याचें जोतें सरळ नाहीं."

आम्हांस वाटलें, स्फोटानें खचलें असेल. तसें म्हटलें, तर दादांनीं मान हलविली. "खचलेलें मला कळतें रे. चाळीस वर्षें पाणसळ लावीत आलों. हें खचलेलें नाहीं, चढविलेलें आहे. मध्यें उंच, दोन्ही टोंकांस उतरतें. पायरीच्या कडेनें नजर लाव." नातीस जवळ बोलावून त्यांनीं तिला खुर्चीशेजारीं बसविलें, तिचें डोकें आपल्या डोक्याजवळ आणलें आणि पायरीची रेघ दाखविली. पोर ओरडली, "मोठे आजोबा, धनुष्यासारखी आहे!"

गोष्ट खरी आहे. पुस्तकांतून ती आहेच: पार्थेनॉनचें जोतें सपाट नसून मध्यें फुगीर आहे, आखूड बाजूस सुमारें ६ सेंटिमीटर आणि लांब बाजूस सुमारें ११ सेंटिमीटर. खांबही किंचित् आंत झुकलेले आहेत. पाणी वाहून जावें म्हणून, आणि सरळ रेघ दुरून खचल्यासारखी दिसते तो नजरेचा दोष घालविण्यासाठीं, अशीं कारणें सांगतात. परंतु ७० मीटर लांबींत ११ सेंटिमीटर उभ्या माणसास, चालतां चालतां, दिसत नाहींत. दादा खुर्चींत बसले होते म्हणून त्यांचे डोळे पायऱ्यांच्या पातळीस आले, आणि घाई नव्हती म्हणून ते तेथेंच राहिले. ज्या गुडघ्यांसाठीं ते जहाजावर राहणार होते, त्या गुडघ्यांनींच त्यांस बरोबर त्या उंचीवर बसविलें. शेजारून शेंकडों धडधाकट माणसें गेलीं. त्यांतील कितीजणांस ती रेघ दिसली असेल कोण जाणे.

दादा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "ढाळ द्यावयाचा म्हणजे एक दगड तासला कीं झालें, असें नाहीं. प्रत्येक खांबाचा तळ वेगळा तासावा लागला असेल. चव्वेचाळीस-सेहेचाळीस खांब! मुकादम कोण होता रे यांचा?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतें. तें वाऱ्यानें आलें असेल. वर वारा पुष्कळ होता.

दुसरी एक गंमत वर गेल्यावर कळली. पूर्वेच्या टोंकास उभें राहिलें कीं खालीं ऑलिंपियन झ्यूसच्या मंदिराचे उरलेले उंच खांब दिसतात, समोर लिकाबेटस टेंकडी दिसते, आणि वायव्येस अगोराच्या बाजूला हेफेस्टसचें जवळजवळ अखंड देऊळ. ज्यांवर घरीं काट मारली होती, त्यांतील तीन स्थळें अशीं दुरून वाटणीस आलीं. नमस्कार करून समाधान मानलें. आमच्या कुटुंबाचें म्हणणें, गाभाऱ्यांत न जातां शिखर पाहिलें तरी दर्शन घडतेंच.

साडेअकरास उतरलों. चिरंजीव व नात दक्षिणेच्या उतारानें डायोनायससचें नाट्यगृह पाहात गेलीं. सूनबाई व आमचें कुटुंब पायऱ्या उतरून आम्हांस खालीं मिळालीं. मोटारींस बंदी असलेल्या रुंद रस्त्यावरून खुर्ची ढकलीत, झाडाखालीं जहाजावरून आणलेलीं फळें व घरच्या दशम्या खाऊन, साडेबारास संग्रहालयांत शिरलों. हें संग्रहालय २००९ च्या जूनमध्यें उघडलें. तळाशीं उत्खननांत सांपडलेली जुनी वस्ती काचेच्या जमिनीखालीं दिसते, आणि सर्वांत वरचें दालन पार्थेनॉनच्याच मापाचें व त्याच दिशेस फिरविलेलें आहे. देवळाभोंवतींची शिल्पपट्टी तेथें मूळ क्रमानें लावली आहे. जे तुकडे १८०१ नंतर लॉर्ड एल्गिनच्या माणसांनीं काढून नेले आणि १८१६ पासून ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत, त्यांच्या जागीं प्लास्टरच्या पांढऱ्या प्रतिकृति बसविल्या आहेत. मूळ दगड मधाच्या रंगाचा; मध्येंच पांढरा तुकडा आला कीं समजावें, हा लंडनला आहे. यावर कोठेंही आक्रोश लिहिलेला नाहीं, रंगच सांगतो. आपल्या अमरावतीच्या स्तूपाचीं शिल्पेंही त्याच लंडनच्या इमारतींत आहेत, हें आठवून आम्ही क्षणभर थांबलों.

नात पावणेदोनास पहारा पाहून धापा टाकीत परत आली व शिपायांच्या जोड्यांवरचे गोंडे हातवारे करून दाखवूं लागली. दोनला पांच कमी असतां आम्ही बाहेर पडलों. बंदराच्या वाटेवर गर्दी लागली, पन्नास मिनिटें गेलीं. हिशेबांत साठ होतीं. तीनच्या आंत धक्क्यावर होतों. साडेचारच्या सुमारास कठड्यापाशीं उभे असतां एक मध्यमवयीन जोडपें हातांत पिशव्या घेऊन धक्क्यावरून धांवत येतांना दिसलें. तीं वेळेवर चढलीं, आणि सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. रात्रीं तींच आमच्या शेजारच्या मेजावर होतीं. त्यांनीं सात स्थळें पाहिलीं होतीं, आणि कोणतें कोणत्या क्रमानें यावर दोघांचा गोड वाद चालला होता. त्यांचा दिवसही आनंदाचाच गेला असेल. आम्ही त्यास नांवें ठेवीत नाहीं. दादा मात्र तेव्हां वहींत पेन्सिलीनें एक रेघ काढीत बसले होते, पट्टी न लावतां.

आतां जे वाचक आपल्या घरच्या मंडळींसह अशा प्रवासास निघणार असतील, त्यांच्यासाठीं या अनुभवाचें सार थोडक्यांत देतों. जहाजाच्या निघण्यापासून मागें मोजीत यावें आणि दीड तास राखीव ठेवावा. तो उरला तर विश्रांति, नाहीं उरला तर अब्रू वांचते. बंदर आणि नगरी यांतील अंतर आधीं पाहावें. तें रोमइतकें लांब असेल तर एकट्यादुकट्यानें जाण्यापेक्षां जहाजाची सहल घेतलेली बरी. साप्ताहिक सुट्टी, प्रवेशाचा तास आणि जहाजाचें घड्याळ या तीन गोष्टी लिहून खिशांत ठेवाव्या. मुख्य स्थळ एकच निवडावें, फार तर दोन, आणि तें सकाळींच पाहावें. चाल ठरवितांना घरांतील सर्वांत हळू चालणाऱ्याची चाल धरावी; त्याच्याबरोबर चालणारांस जें दिसतें तें पुढें धांवणारांस बहुधा दिसत नाहीं, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. आणि जें सोडावयाचें असेल, तें घरीं बसून, सर्वांच्या संमतीनें, आधींच सोडावें. घरीं सोडलेल्याचें दुःख होत नाहीं. वाटेंत सुटलेल्याचें होतें.

आमच्या यादींतील प्लाकाच्या गल्ल्या, १८९६ चें क्रीडांगण आणि अगोराचा चौक पाहावयाचे राहिले. सूनबाई म्हणतात, पुन्हां जाऊं. जावें, आम्ही कोष्टक आंखून देऊं.